सुगंधाचं न झालेलं ऑपरेशन

अंबरनाथ पूर्वेला आमच्या शेजारी राहणाऱ्या बाईंना फोनवर देणगी मागणारे फार आवडत. इतर लोक असे फोन कापतात. बाई खुर्ची ओढून बसत. 'तुम्ही संस्थेचे, की फोन करायचं कंत्राट घेतलेले? शंभरातले आजाऱ्याला किती पोचतात?' एवढं विचारलं की समोरच्या दयाळू आवाजाची रेंज जाई.

एका दयाळू आवाजाने एकदा फोटोही पाठवला. बारवी धरणाजवळच्या पाड्यावरची सुगंधा, हृदयाला भोक, आज पैसे आले नाहीत तर संपलंच. बाईंचा चेहरा उतरला. त्या पाड्यावर त्यांनी अनेक वर्षं शाळा चालवली होती. सुगंधा त्यांच्या विद्यार्थ्याची, काळूची मुलगी. मला घेऊन त्या तशाच रिक्षाने निघाल्या.

मरणाच्या दारातली सुगंधा बकरीमागे धावत होती.

'हिला काय झालंय? सकाळधरून करवंदं खातेय,' काळू म्हणाला. मग त्याचा आवाज खाली आला. 'चादरी वाटायला आलेल्यांनी फोटो काढलेला. रडका चेहरा कर म्हणाले. आता बदलापूरच्या बाजारात लोक विचारतात, पोरगी गेली का? हिच्या आईनं बाजार सोडला, बाई.'

'मोठी देणगी द्यायचीय,' असं बाईंनी फोनवर सांगताच पत्ता तत्परतेने मिळाला. जवळच्याच कॅम्प पाच भागात, फर्निचरच्या दुकानावरचा मजला. बाप-लेकीला घेऊन आम्ही आत शिरलो, तेव्हा एक मुलगी फोनवर रडवेल्या सुरात सुगंधाचे शेवटचे तास वाचून दाखवत होती. सुगंधा तिच्यासमोर उभी राहून ऐकू लागली.

'मॅडम, वो तो सिम्बॉलिक फोटो है,' मॅनेजर म्हणाला. 'लोकांना फोटो लागतोच.'

'मग तुमच्या मुलीचा लावा.'

तो एकदम चिडला. सेवेला इतकं वाईट उत्तर त्याला कुणी दिलं नसावं.

पोलीस चौकीत हवालदाराने प्रेमाने समजावलं, 'खोटं सांगून देणगी मागणं गुन्हाच आहे, बाई. पण तुमचे पैसे गेलेच नाहीत, मग तक्रार कसली?'

'पैसे नाही गेले, मुलगी गेली म्हणतात. ते लिहा.'

बऱ्याच खेपांनंतर लिहिलं गेलं. फोटो हटला, मजल्याला कुलूप लागलं. तीच मंडळी आता गाईंसाठी रडतात, असं ऐकतो.

बाई गेल्या वर्षी वारल्या. मला त्या आठवतात बदलापूरच्या बाजारात. सुगंधाचा हात धरून गाळ्यागाळ्यापुढे थांबत होत्या. मागे काळू, आणि पदर सावरत त्याची बायको. एका कांदेवाल्याने तिच्या ऑपरेशनसाठी देणगी दिली होती. धडधाकट सुगंधाकडे बघून त्याचं तोंड पडलं.

बाई त्याला म्हणाल्या, 'जिवंत आहे. माफ करा.'