राहतची काबरी

करमाडच्या चतुराबाईनं कोंबडी कधी पाळली नव्हती. सासू होती तोवर अंगणात पीस उडून आलेलंही चालत नसे. कोंबड्या होत्या शेजारच्या राहतच्या. दोघींच्या अंगणांमध्ये कमरेएवढी मातीची भिंत होती आणि तिला टेकून राहतशी चार गोष्टी केल्याशिवाय चतुराबाईचा दिवस मावळत नसे.

राहतचा नवरा नूरमोहम्मद एका जागीरदाराकडं मुन्शी होता. पोलिस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं, पुढच्या वर्षी जागीर गेली, तशी मुन्शीगिरीही गेली. त्या दिवसांत गावातली माणसं एकमेकांकडं बघायचीसुद्धा दबकत. हैदराबादला नूरमोहम्मदचा भाऊ होता. नवरा-बायको तिकडं निघाले. बाकीच्या कोंबड्या कुणाकुणाला देऊन टाकल्या, पण ठिपक्याठिपक्यांची काबरी राहतनं भिंतीवरून चतुराबाईच्या हातात ठेवली.

"इसकू संभाल गे चतुरा. मैं आके लेके जाती."

"ये लवकर. तवर बघते मी," चतुराबाई म्हणाली. आणखी लई बोलायचं होतं, ते राहूनच गेलं.

काबरी अंगणात रुळली. मग एका उन्हाळ्यात ती अंग फुगवून कोपऱ्यात बसली. ज्वारी टाकली तर मान फिरवायची. चतुराबाईनं उचलून गळ्याखाली चाचपलं, तर दाण्याची थैली दगडासारखी घट्ट. रात्रभरात ती रिकामी व्हायला हवी होती. चोचीला आंबूस वास येत होता.

"ही काय आता जगत नाय," नवरा पुंजाराम म्हणाला. "सुरी लावू. कालवण तरी व्हईल."

चतुराबाईनं काबरीला पदराखाली घेतलं.

"बरं, ऱ्हायलं," म्हणून तो बैलांकडं गेला.

मागं राहतच्या एका कोंबडीला असंच झालं होतं. वाळलं गवत गिळलं होतं तिनं. "पोटा भर गया इसका," म्हणत राहत तिला मांडीवर घेऊन बसली होती. चतुराबाई तेव्हा भिंतीवर सूप ठेवून मिरच्यांची देठं खुडत होती. निम्मं लक्ष मिरच्यांत, निम्मं गप्पांत. तेलाचं काहीतरी होतं, कोमट पाण्याचं काहीतरी होतं, एवढंच आता आठवत होतं. काबरीला काखेत धरून ती भिंतीशी गेली आणि सवयीनं हाक मारून बसली.

"राहत, अगं तेल आधी का पाणी?"

पलीकडच्या दाराला कुलूप होतं. ओसरीवर कुणीतरी कडबा रचून ठेवला होता. हाक आपल्याच कानावर आली तशी चतुराबाई खाली बसली. राहत गेली त्या दिवशी आलं नव्हतं ते रडू आता आलं.

डोळे पुसून तिनं वाटीत करडईचं तेल घेतलं. चोचीच्या कडेनं थेंब थेंब सोडलं, मग कोमट पाणी, तेही घुटक्याघुटक्यानं. राहत कोंबडीची मान खाली होऊ देत नव्हती, हे हात लावल्यावर आठवलं. थैली बोटांनी हळूहळू चोळायला घेतली. जरा जोर झाला की काबरी आचका द्यायची आणि राहतचा आवाज कानात यायचा, "हल्लू गे, हल्लू." दाणा बंद केला. काबरीला डालग्याखाली निराळं ठेवलं. भाकरी थापून झाली की चोळ, धुणं वाळत घातलं की चोळ.

थैली जरा मऊ लागली, परत घट्ट झाली, परत मऊ पडली. मग एका सकाळी डालगं उचललं तर खाली शिटलेलं, त्यात सुतळीचा गुंता. काबरी उठून उभी होती आणि माती उकरत होती. कोंबडी शिटली म्हणून एवढा आनंद व्हावा, याचं चतुराबाईला हसू आलं. पदर तोंडाला लावून ती एकटीच हसत राहिली. ही गोष्ट सांगावी असं माणूस एकच होतं, आणि ते इथं नव्हतं.

काबरी पुढं बरीच वर्षं जगली. तिची पिल्लं अंगणभर झाली. त्या सुमारास नूरमोहम्मद आला तो घर विकायला. दाढी पिकली होती. चतुराबाईनं चहा दिला.

"राहत नाय आली?"

"तबियत बरी नसते, भाभी. एका खोलीत राहतो आम्ही. अंगण नाही. पहाटे उठून म्हणते, मुर्गियाँ खोल दूँ. मग आठवतं तिला."

चतुराबाईनं मनात किती दिवस जपून ठेवलं होतं. सुतळीचं, तेलाचं, पिल्लांचं सगळं सांगायचं होतं. काबरी समोरच चरत होती.

"तिला म्हणावं, काबरी लई आजारी पडली व्हती. चांगली झाली," ती म्हणाली. "आन् म्हणावं, येऊन जा."

कोंड्यात ठेवलेली अंडी तिनं फडक्यात बांधून दिली. गाडीत फुटतील म्हणत म्हणत नूरमोहम्मदनं ती घेतली.

राहत काही आली नाही. चतुराबाई मात्र पुढं कितीतरी दिवस, जालन्याकडनं हैदराबादची गाडी यायची वेळ झाली की हातातलं काम सावकाश करायची.