फाटक्या कानाची वाघीण आणि माझा फिल्टर

दोन खोल्यांचं ऑफिस, तीन माणसं, एक कम्प्युटर. एवढ्यावर किती किस्से होतील? अहो, मी मोजणंच सोडलं!

आम्ही चंद्रपुरात बसतो. जंगलात झाडांना बांधलेले कॅमेरे प्राण्यांचे फोटो काढतात, ते आम्ही निवडतो. शालिनीमॅडम प्रमुख. देवाजीभाऊ जंगलातून फोटोंची कार्डं आणतात. कम्प्युटर माझ्याकडे. गेल्या उन्हाळ्यात भाऊंच्या भागातली फाटक्या कानाची वाघीण दिसेनाशी झाली. सोमवारच्या मीटिंगपर्यंत फोटो नाही मिळाला, तर तिथले कॅमेरे काढून दुसरीकडे लावणार होते. भाऊंचं जेवणात लक्ष नव्हतं.

आणि मला जावास्क्रिप्टची एक छोटीशी लायब्ररी, म्हणजे आयता प्रोग्रॅम, सापडली! फोल्डरात घुसायचं, त्याच्या पोटातल्या फोल्डरात घुसायचं, सांगाल त्याच फाइली उचलून आणायच्या.

"म्हंजे आमच्या गस्तीवानीच," भाऊ म्हणाले. "मंग हे चहा काऊन मागत नाई?"

*

पहिल्या दिवशी उत्साहात, सुरुवात कोणत्या फोल्डरपासून करायची तेच सांगायला विसरलो. पठ्ठ्यानं अख्खा कम्प्युटर पालथा घातला! 'वन्यप्राणी' फोल्डरात मॅडमच्या मुलीचं लग्न येऊन पडलं.

मॅडमनी चष्मा पुसला. "माझ्या विहीणबाई कोणत्या प्राण्यात मोजल्या?"

*

मग मी ठरवलं, लहान साइजच्या फाइली म्हणजे खराब फोटो. गाळून टाका! अंधारातले काळे-पांढरे फोटो लहानच असतात, हे कोणाला माहीत?

मॅडम यादी पाहून म्हणाल्या, "आपल्या जंगलात रात्र होतच नाही वाटतं!"

*

भाऊंच्या फोल्डरांची नावं तर काय सांगू! 'महादूचा बैल खाल्ला तो नाला'. 'मोहाखाली अस्वल, जपून'.

मी चिडलो. "भाऊ, नंबर द्या ना! एक, दोन, तीन!"

"नंबरावरून मले रस्ता नाई दिसत, गड्या."

*

शनिवार. त्याच उन्हाळ्याच्या तारखांचा फिल्टर लावला. चितळ आले, रानडुकरं आली, कोणाच्या तरी गाई आल्या. वाघीण नाही. भाऊ माझ्या खुर्चीमागे उभे.

"अजून एक डाव पाह्य ना."

मला एकदम शंका आली. "भाऊ, बॅटरी बदलली की कॅमेऱ्यात तारीख टाकता ना?"

"तारीख? ते काऊन टाकाची? फोटो त काढून राह्यला ना तो!"

अरे देवा! बॅटरी काढली की त्या कॅमेऱ्याचं घड्याळ कित्येक वर्षं मागे जातं. आणि माझा फिल्टर ताजे फोटो जुने समजून बाहेर फेकत होता! तारखेची अट काढली, पुन्हा चालवलं.

फाटका कान! आणि मागे तीन बछडे! मॅडम उठून ओरडल्याच. देवाजीभाऊ रडले, खरंच रडले. मलाही आवरलं नाही.

एक फोटो उघडायचा राहिला होता. त्यात भाऊ स्वतःच. नुकती बॅटरी बदलून कॅमेऱ्याचं झाकण लावताहेत. त्यांच्या पाठीमागे दहा पावलांवर, बांबूत, ती निवांत बसून त्यांच्याकडे बघते आहे.

भाऊंनी स्क्रीनजवळ जाऊन नीट पाहिलं.

"गड्या, हा एक गाळून टाक. बायकोनं पाह्यला तं माही नौकरी गेली!"