वाफेच्या नळीची कडी

नुरकेल्दीचा हात भाजेल की तोंड, एवढंच रौशनला ठरवता येत नव्हतं. भाजणार, हे नक्की.

लेकाचे कामाचे कपडे धुवायला घेताना खिशात लिबलिबीत काहीतरी हाताला लागलं. नळीच्या सांध्यात बसवायची रबराची कडी. फुगलेली, बोटांना काळी चिकटणारी, वर मेंढीच्या चरबीचा खवट दर्प.

उझेनच्या तेलक्षेत्रातलं तेल गार झालं की मेणासारखं थिजतं. नुरकेल्दी वाफेच्या ट्रकवरून विहिरीत वाफ सोडून ते वितळवतो. मुकादम त्याचा सख्खा मामा, कोसबाय. पोरगा कष्टाळू, पण मोठ्यांपुढे जीभ टाळ्याला चिकटलेली.

रात्री कोसबाय जेवायला आला. शाळेत रसायनशास्त्र शिकवणाऱ्या रौशननं कडी त्याच्यापुढे टाकली.

"शी! जेवणात काय आणतेस हे?"

"तुमच्याच नळीची आहे, दादा. चरबी कोणी लावली?"

"मी. कडी सर्रकन बसते. पहिल्यापासून लावतोय."

"पहिलं रबर नायट्राइलचं होतं. त्याला तेल, चरबी चालायची, पण वाफेनं ते तडकायचं. हे नवं वाफ सोसतं, पण तेल पिऊन फुगतं. अन् तुमच्या विहिरीत तेलच आहे! वाफ-तेल दोन्ही सोसणारं, हायड्रोजन घातलेलं नायट्राइल मिळतं. ते मागव."

"मास्तरीणबाई, शाळा सुटली! मागवलं की साहेब विचारणार, आजवर काय लावत होतास? वर्षभरात निवृत्त व्हायचंय मला."

म्हणजे याला ठाऊक होतं.

"काल नळीचा सांधा उडाला ना?" तिनं शेजारी जेवणाऱ्या लेकाला विचारलं.

"मी बाजूला होतो, आई."

"पोरगं चपळ आहे," कोसबाय हसला. ताटातला चरबीचा गोळा त्यानं बोटांनी उचलला. "घे भाच्या, आ कर."

नुरकेल्दीला चरबी लहानपणापासून नको वाटे, पण मोठ्यांनी भरवलेला घास नाकारायची रीत नव्हती. त्यानं तोंड उघडलं. मामानं गोळा कोंबला, हनुवटीवर ओघळ आला. पोरानं तो गिळला आणि मान लववली.

"सकाळी लवकर ये. त्याच कड्या आहेत, जरा आवळून बसवू."

"बरं, मामा."

रौशनला भावाची किळस आली, आणि त्या 'बरं'चीही. ते तिनंच त्याला शिकवलं होतं.

तिनं चहाची किटली खाली ठेवली आणि मोबाइल घेतला.

"कोणाला लावतेस?" कोसबायनं विचारलं.

तेल कंपनीच्या सुरक्षा विभागात रात्रपाळीला माणूस असतो. मुकादमाचं नाव तो आधी विचारेल. ते इथेच, भावाच्या तोंडावर सांगायचं, असं ठरवून तिनं नंबर फिरवला.