न कापलेलं लिंबू

माझं काम ऐकण्याचं आहे. अमेरिकेतल्या सभांच्या, सुनावण्यांच्या चित्रफिती येतात. त्यांच्याखाली यंत्राने आधीच इंग्रजी मजकूर उमटवलेला असतो आणि म्हैसूरला नजरबादेत एका घराच्या वरच्या मजल्यावर बसून मी तो तपासते. यंत्र हुशार आहे, पण माणसं एकमेकांवर ओरडायला लागली की त्याची मती गुंग होते. तिथे माझी भाकरी. टाळ्या, हशा, आरडाओरडा, सगळं कंसात लिहायचं. शांतता मात्र लिहायची नसते. मंचावरच्या पुढाऱ्यांची नावं टाकायची, पण श्रोत्यांतून उठून बोलणाऱ्याचं नाव माहीत असलं तरी टाकायचं नाही. तो नुसता 'पुरुष', ती नुसती 'बाई'.

दिवसभर कानात परकी माणसं बोलत राहिली की हेडफोन काढल्यावरही ती लगेच जात नाहीत. भर दुपारी, ऊन खिडकीतून आत आलेलं असताना, जिन्यात कुणीतरी खाकरल्यासारखं वाटतं. मी अशा गोष्टींना घाबरणारी बाई नाही. उठून बघते, कुणी नसतं, आणि मग स्वतःवरच चिडत परत बसते.

अलीकडे ह्या सभांत दोनच विषय असतात: कुणाला देशात येऊ द्यायचं आणि कुणाला देशाबाहेर लढायला पाठवायचं. नवरा कडकोळच्या एका कारखान्यात आहे. संध्याकाळी चहाबरोबर त्याला आजची सभा लागते आणि तो इथूनच निकाल देऊन मोकळा होतो. सीमा बंद करा म्हणतो. सैन्य पाठवायचं तर एकदाचं पाठवा, उगाच भिजत घोंगडं ठेवू नका म्हणतो. हा माणूस सांगलीहून इथे आला त्याला इतकी वर्षं झाली, पण भाजीवालीशी कन्नडमध्ये बोलायची वेळ आली की अजून बोटं नाचवतो. "तुला कुणी परत जा म्हणालं तर?" असं मी विचारलं, की म्हणतो, "मी रीतसर आलोय." जणू बाकीचे सगळे भिंतीवरून उड्या मारून आलेत.

खाली घरमालकीण काकू एकट्या राहतात. त्यांचं मराठी ऐकून पहिल्या आठवड्यात मला वाटलं होतं, त्या कन्नडच बोलताहेत. त्यांच्या सासरचे पूर्वज कुठल्या तरी मराठी फौजेबरोबर इकडे आले, मग इथल्या राजाच्या घोडदळात लागले आणि इथलेच झाले. काकूंचे यजमान सरकारी कचेरीत कारकून होते, त्यामुळे घरातली लढाई तिथे संपली. उरली ती एक तलवार. बेट्टदपुरच्या थोरल्या घरातून वाटणीत आलेली. ती वर्षभर देवघरातल्या कोनाड्यात असते आणि खंडेनवमीला पाटावर येते.

त्या दिवशी म्हैसुरात सगळेच आपापल्या हत्यारांची पूजा करतात. रिक्षा, स्कूटर, करवत, विळी, कशालाही झेंडूची माळ असते आणि पुढे कुंकू लावलेलं कापलेलं लिंबू. माझ्या संगणकालाही काकू दरवर्षी वर येऊन कुंकू लावतात. पण काकूंच्या घरात आणखी एक रीत आहे. घरातला कुणी माणूस हत्यार घेऊन दूर गेला असेल, तर त्याच्या नावाने एक अख्खं लिंबू तलवारीला टेकवून ठेवायचं. ते कापायचं नाही. तो परत आला की त्यानेच ते उंबरठ्यावर कापायचं. त्यांच्या आजेसासऱ्यांचं लिंबू अजून आहे. ते राजाच्या घोडदळातून समुद्रापार लढायला गेले आणि तिकडच्या वाळूतच राहिले. पितळी डबीत ठेवलेलं ते लिंबू आता काळं, सुपारीएवढं झालंय. डबी हलवली की आतल्या बिया वाजतात. मी ती एकदाच हलवली. पुन्हा हात लावला नाही.

ह्या वर्षी खंडेनवमीला मी आरतीला खाली गेले तेव्हा तलवारीला एक अख्खं लिंबू टेकवलेलं होतं. ताजं, पिवळं, देठाशी अजून हिरवट.

"काकू, हे कुणाचं?" मी विचारलं.

"असू दे, सुम्ने ठेवलं," त्या म्हणाल्या. सुम्ने म्हणजे असंच, उगाच. काकूंना जे सांगायचं नसतं ते सगळं सुम्ने असतं.

त्यांना एकच मुलगा. तो अमेरिकेत असतो, एका मोठ्या गोदामात मालाची ने-आण बघतो, असं आम्हाला माहीत होतं. दर रविवारी सकाळी त्याचा फोन यायचा. काकूंना ऐकायला कमी येतं म्हणून त्या फोन मोठ्या आवाजावर ठेवायच्या, त्यामुळे इतक्या वर्षांत त्याला एकदाही न भेटता मला त्याचा आवाज भाऊबंदांसारखा ओळखीचा झाला होता. बोलायच्या आधी तो दोनदा घसा साफ करायचा. वाक्याच्या शेवटी इथल्या सगळ्यांसारखं 'अल्वा' म्हणायचा, म्हणजे 'नाही का'.

खंडेनवमीनंतर काही आठवड्यांनी ती सभा आली. कुठल्याशा लहान गावातल्या शाळेचं सभागृह. मंचावर त्या भागाचा लोकप्रतिनिधी, खाली गावकरी, मधल्या वाटेत एक माइक. कॅमेरा अगदी मागे लावलेला होता. पुढाऱ्याचा चेहरा दिसत होता आणि बोलायला उठणाऱ्या माणसांच्या फक्त पाठी. दुपारभर मी पाठीच बघत होते.

एका म्हाताऱ्या बाईने विचारलं, आमची पोरं दुसऱ्यांच्या वाळवंटात कशाला मरायला पाठवता? टाळ्या पडल्या. एक माणूस म्हणाला, आधी ह्या देशात घुसलेल्यांना बाहेर काढा, मग जगाचं बघा. त्यालाही टाळ्या, दुसऱ्या बाजूने. पुढाऱ्याने दोघांनाही असं उत्तर दिलं की दोघांनाही आपलंच खरं वाटावं. मग आणखी लोक उठले, आवाज चढले, आणि मी कंसात आरडाओरडा, आरडाओरडा असं लिहीत गेले. कुठल्या बाजूने कधी टाळ्या वाजवायच्या हे त्या खोलीतल्या प्रत्येकाला पाठ होतं.

मग एक आखूड केसांची पाठ माइकपाशी आली आणि तिने दोनदा घसा साफ केला.

माझी बोटं थांबली. आवाज यायच्या आधीच मला कळलं होतं, आणि ते मला मुळीच आवडलं नाही.

तो इंग्रजीत बोलत होता, हळू, एकेक शब्द तपासून. म्हणाला, मी ह्या देशाच्या सैन्यात आहे. नागरिकत्वाचा माझा अर्ज अजून अडकलेला आहे. मघाशी एक गृहस्थ म्हणाले, माझ्यासारख्यांना बाहेर काढा. आता तुम्ही ठरवताय की आमची तुकडी समुद्रापार पाठवायची. म्हणजे मला बाहेर तर जायचंच आहे, अल्वा? तो शब्द तिथे कुणालाच कळला नसणार. मग म्हणाला, घरी माझ्या आईला ह्यातलं काहीच माहीत नाही. मला एवढंच विचारायचं होतं, की मी परत आलो तर मला आत घ्याल ना?

त्याच्यानंतर काहीही झालं नाही. टाळ्या नाहीत, आरडाओरडा नाही, कुणी खोकलंसुद्धा नाही. हा कुणाच्या बाजूचा, हे दोन्हीकडच्यांना ठरवता येईना. पुढाऱ्याने पाण्याचा घोट घेतला आणि म्हणाला, आपल्या सेवेबद्दल आभार, पुढचा प्रश्न. पाठ वळली. वळताना चेहऱ्याची एक कड दिसली असती, पण मध्ये कुणीतरी उभं राहिलं.

तेवढ्यात जिन्याच्या तळापासून काकूंची हाक आली. "वर कोण आलंय गं?"

मी हेडफोन काढले. माझ्या खोलीत आवाज नव्हता. हेडफोन लावलेले असताना काहीच बाहेर जात नाही, आणि ज्यांना स्वतःचा फोन ऐकू येत नाही त्यांना तर नाहीच नाही.

"कुणी नाही काकू," मी दारातून म्हणाले.

"बोलत होतं की कोणी." त्या जिन्याचा कठडा धरून वर बघत होत्या. माझ्याकडे नाही, माझ्या मागे, खोलीत. "असू दे, बिडु," म्हणाल्या आणि आत गेल्या. दुपारचे तीन वाजले असतील, रस्त्यावर कुल्फीवाल्याची घंटा वाजत होती.

मी काम पुरं करून पाठवून दिलं. त्याच्या नावाच्या जागी 'पुरुष' लिहिलं आणि त्याच्यानंतरची जागा रिकामी सोडली, नियमाप्रमाणे. संध्याकाळी नवऱ्याला सगळं सांगितलं. एकदाचं सैन्य पाठवा म्हणणारा माणूस, पण त्या दिवशी त्याने कुठलाही निकाल दिला नाही. "काकूंना सांगू नकोस," एवढंच म्हणाला. सभा जाहीर होती, गुपित असं तिच्यात काही नव्हतं. गुपित काकूंच्या मुलाचं होतं. पण तो गेला आणि परत आलाच नाही तर? आईला ते कुणा परक्याच्या फोनवरून कळणार, आणि मी वर बसून आधीच ऐकलेलं असणार. ते मला सहन होईना.

रविवारी मी मुद्दाम खाली गेले. फोन चालू होता. तो म्हणत होता, "अम्मा, कामाला बाहेरगावी चाललोय. थोडे दिवस फोन जमणार नाही."

काकूंनी त्याला कुठे असं विचारलं नाही. निघालेल्या माणसाला कुठे म्हणून विचारू नये, हे माझ्याही आईने मला शिकवलंय. "जेवलास का?" त्यांनी विचारलं. तो हो म्हणाला. "नीट जा. नीट ये." तो हो म्हणाला.

फोन ठेवल्यावर मी तोंड उघडलं, पण काकूच आधी बोलल्या. "तुला काय सांगायचंय ते मला माहीत आहे. म्हणून तर लिंबू ठेवलं."

"त्याने सांगितलं?"

"तो कशाला सांगेल? वर्षभर बघते. माझं वाक्य संपायच्या आत हो म्हणतो. जेवणाची तक्रार नाही. माझे सासरे शिपाई होते, ते असेच बोलायचे." त्या तलवारीकडे बघत होत्या. "तू त्याला ऐकलंस नं वर? त्या दिवशी?"

मी मान हलवली आणि सगळं सांगितलं, शेवटचा प्रश्नही. काकूंचं तोंड बारीक झालं, पण त्या रडल्या नाहीत. मग त्यांनी एकच गोष्ट विचारली.

"त्याला टाळ्या वाजवल्या का त्यांनी?"

"वाजवल्या की," मी म्हणाले. "खूप."

"खोटं," काकू म्हणाल्या. "वाजवल्या असत्या तर तू तेव्हाच धावत खाली आली असतीस."

मी कोनाड्यातल्या लिंबाकडे बघितलं. एवढ्या दिवसांत ते सुकायला हवं होतं, निदान साल तरी आवळायला हवी होती. ते तसंच होतं, पिवळं आणि टणटणीत. काकूंनी ते उचलून माझ्या तळहातावर ठेवलं. समई विझलेली होती, ऊन तिथपर्यंत येत नाही, आणि तरी ते तापलेल्या पोराच्या कपाळाइतकं गरम होतं. मी घाईने परत ठेवलं.

पुढच्या रविवारी फोन आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. नवऱ्याने चहाच्या वेळी सभा मागणं बंद केलं होतं. बातम्यांत तीच ती वाळू दिसायची आणि तो उठून टीव्ही बंद करायचा. मी रोज सकाळी खाली जाऊन आधी लिंबू बघायची, मग काकूंना.

असंच एके दिवशी दुपारी मी काम करत होते. फीत कुठल्याशा रस्त्याच्या कामाबद्दलची होती, कंटाळवाणी, शांत. आणि मला टाळ्या ऐकू आल्या. मी फीत मागे नेऊन पाहिली, तिच्यात टाळ्या नव्हत्या. हेडफोन काढले. टाळ्या खालून येत होत्या. आरतीची वेळ नव्हती, शब्द नव्हते, नुसत्या टाळ्या, आणि त्या एका बाईच्या हातांच्या वाटत नव्हत्या. सभागृहभर माणसं उठून उभी राहिली की होतो तसा आवाज होता. वाजत राहिल्या, मग हळूहळू विरळ होत थांबल्या.

मी जिना उतरून गेले. घरात काकू एकट्याच होत्या. स्वयंपाकघरात खाली बसून नाचणीचं पीठ मळत होत्या, दोन्ही हात मनगटापर्यंत पिठात.

त्यांनी वर बघितलं. डोळे भरले होते.

"तूच वाजवत होतीस नं गं वर?" त्यांनी विचारलं.

मी हो म्हणाले. ह्या वेळी त्यांनी 'खोटं' म्हटलं नाही.