पान होईपर्यंत

बाळांनो, कादंबरी वाचून दुसऱ्याचं दुःख कळतं असं तुमच्या शाळेत शिकवतात, आणि मला ते कोणत्या कादंबरीने शिकवलं असं तुम्ही काल फोनवर विचारलंत, म्हणून हे लिहिते. महागावजवळच्या आपल्या शेतावर तेव्हा कापसाची वेचणी चालली होती. ओसरीतल्या ढिगाचा उबट वास येत होता आणि मी त्याला टेकून एक इंग्रजी कादंबरी वाचत रडत होते, कारण तिच्यातलं मूल आजारी होतं. तेवढ्यात वेचणीला येणारी बंजारा तांड्यावरची बाई तापलेली मुलगी खांद्यावर घेऊन आली. "बाई, पोरीले पुसदले न्या लागते. तुम्ही संगं चला ना, डॉक्टर आमचं ऐकत नाही. बस येऊनच राह्यली." "एवढं पान होऊ दे," मी मान वर न करता म्हटलं. आम्ही फाट्यावर पोचलो तेव्हा बस निघून गेली होती, आणि पुढची संध्याकाळी होती. मुलगी आधी "याडी, याडी" म्हणून आईला हाका मारत होती, मग तेही थांबलं. मी पदर भिजवून तिच्या कपाळावर ठेवत राहिले. "बाई, मघा तुम्ही कायले रडून राह्यल्या होत्या?" "गोष्टीतल्या बाईचं लेकरू आजारी आहे." "मंग, वाचलं का थे?" तिने खरोखरच्या काळजीने विचारलं. मी पदर पुन्हा भिजवला. संध्याकाळच्या बसने पुसदला नेलं; तिची मुलगी वाचली, पण तापात कान गेले. ती बस मिळाली असती तर काय झालं असतं, हे मी डॉक्टरांना विचारलं नाही. मुलगी अजून तांड्यावरच राहते. मी गेले की तिच्या समोर जाऊन उभी राहते, कारण हाक मारून उपयोग नसतो.