आत्यांचा उजवा हात

हे मी ह्यांनाही सांगितलेलं नाही. देवापुढं बसले तरी तेवढी एक गोष्ट बाजूला ठेवून हात जोडते — देवाला काय ते दिसत नसेल?

सासूबाईंना मी आत्या म्हणायची. लग्न होऊन पासलीला आले तेव्हा दिवसदिवस माझं तोंड उघडायचं नाही. आत्या भाकरी थापता थापता हसायच्या. म्हणायच्या, "जीभ म्हायेरी मार्गासनीलाच ऱ्हायली का गं? उद्याच्या एसटीनं मागवून घेऊ." पण दुसऱ्या कुणी नावं ठेवली की त्याच त्याला गप्प करायच्या. मला आई आठवत नाही. आई म्हटलं की मला आत्यांचेच पिठाचे हात दिसतात.

त्यांची बहीण बरेच महिने अंथरुणाला खिळून होती — शुद्ध नाही, नाकात नळी. तिला बघून परत येताना आम्ही दोघी स्टँडवर एसटीची वाट बघत होतो. आत्या म्हणाल्या, "शांते, माज्या नाकात आसलं काय घालू देऊ नगंस. पोरांची छाती व्हायची न्हाई, म्हणून तुला सांगते. व्हय म्हण."

मी व्हय म्हटलं.

पुढं आत्यांच्याच अंगावरून वारं गेलं. भोरच्या दवाखान्यात नेलं तेव्हा मी घरी जनावरांपाशी होते. परत आल्या त्या नाकात नळी घेऊनच. वाचा गेलेली, डावी बाजू गेलेली, नजर आढ्याला. उजवा हात तेवढा हलायचा.

मी आंबेमोहोराची पेज फडक्यातून गाळून नळीतून द्यायची. वेणी घालायची. आणि बोलायची — खरं सांगू? आयुष्यात कुणाशी बोलले नाही एवढी त्यांच्याशी बोलले. लहानपणचं, मनातलं, सगळं. त्या ऐकत होत्या असं मला वाटायचं. ते दिवस मला — कसं लिहू — आवडत होते.

आत्या मात्र नळी ओढून काढायच्या. पुन्हा पुन्हा. वेल्ह्याचे डॉक्टर येऊन परत घालायचे. शेवटी एकदा ते हातात नळी धरून थांबलेच. म्हणाले, चालू असलेलं बंद करा असं मी सांगू शकत नाही, कायद्यात ते धड कुठं नाही. पण शुद्धीत असताना त्या स्वतः काही बोलल्या असतील, तर परत घालणार नाही. चमच्यानं जाईल तेवढं देऊ, त्रास होऊ देणार नाही.

थोरले भाऊजी डोळे पुसत म्हणाले, आईला लई तरास हुतोय, पर ती कदी काय बोलली न्हाई. डॉक्टरांनी दाराआड उभ्या असलेल्या माझ्याकडं पाहिलं.

मी लाजरी, म्हणून गप्प राहिले असं तुम्हाला वाटेल. गप्प नाही राहिले. पुरुषांसमोर जन्मात पहिल्यांदा मोठ्यानं बोलले.

"न्हाई. आत्या कायबी बोलल्या न्हाईत. नळी घाला."

मला त्या हव्या होत्या. त्यांना काय हवं होतं ते मला एकटीलाच माहीत होतं — तरीही.

डॉक्टरांनी नळी घातली. हात बांधावा लागेल म्हणाले. आत्यांच्याच जुन्या लुगड्याची पट्टी फाडून मी तो खाटेला बांधला. गाठ मऊ बसेल अशी बांधली. त्यांच्या तोंडाकडं बघितलं नाही.

संध्याकाळी पेज घालायच्या आधी पट्टी सोडली. हात नळीकडं गेलाच नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. घरात सगळे म्हणाले, सवय झाली. मीही तसंच म्हटलं.

सुगीपर्यंत आत्या होत्या. पट्टी मी पुन्हा बांधली नाही. हात मोकळाच होता, मी ठेवीन तिथं पडून राहायचा. त्या दिवशी खोलीत मी काय बोलले, ते आत्यांनीही ऐकलं होतं.