बंद कंपनीचं कार्ड

बायको गेल्यावर तिसऱ्या दिवशी राख सावडली आणि गाठोडं घेऊन भीमेवर गेलो. माणसाच्या आवडीच्या वस्तू राखेबरोबर सोडतात आमच्यात. तिचा अडकित्ता टाकला, मिशरीची डबी टाकली. फोनही टाकणार होतो, पण हात धजला नाही. म्हणून मागचं झाकण काढून त्यातलं कार्ड तेवढं काढलं आणि गाठोड्यात घातलं. त्या कार्डाची कंपनी कधीच बुडाली होती, नंबर बंदच होता. तिचा नंबर तिच्याबरोबर जाऊ दे, असं मनात आलं. शहाणपणा केला असंच वाटत होतं मला.

तो फोन आम्ही बोलण्यासाठी ठेवलाच नव्हता. गुडघ्यांमुळं तिला मंगळवारच्या बाजारात येणं जमत नव्हतं आणि लिहायला तिला येत नव्हतं. मी चौथी शिकलेला, हमालीत जन्म गेला. यादी मी लिहायचो, पण तिचा भरवसा नसायचा. म्हणायची, "तुमी लिवता येक, वाचता दुसरंच." मग काय काय आणायचं ते ती फोनमध्येच बोलून ठेवायची. मी बाजारात उभा राहून कानाला लावायचो. लोकांना वाटायचं म्हातारा कुणाशी तरी बोलतोय. मी मुकाट ऐकायचो.

तेरावं झालं, पाहुणे गेले. घरात माझ्या खोकल्याशिवाय आवाज नव्हता. तिचा आवाज ऐकावा म्हणून तिचा फोन चालू केला, तर तो कार्ड मागायला लागला. माझ्या फोनमधलं कार्ड काढून घातलं. चालत नाही म्हणाला. दहादा चालू केला, दहादा तेच. तेव्हा कळलं मी नदीत काय टाकून आलो ते.

स्टँडजवळ एकजण जुने फोन दुरुस्त करतो. पूर्वी घड्याळं करायचा. त्याच्याकडं गेलो. त्यानं सांगितलं, कंपनीनं हे फोन स्वस्तात विकले आणि आपल्याच कार्डाला बांधून ठेवले, दुसऱ्याचं घातलं तर उघडत नाहीत. कोड मागावा तर द्यायला कंपनीच उरली नाही. कॉम्प्युटरला लावून कुलूप तोडता येतं, पण आतलं सगळं धुऊन जातं. आत काय आहे, असं त्यानं विचारलं. मी म्हणालो, काही नाही. परक्या माणसाला काय सांगायचं? त्यानं वायर जोडायला घेतली.

ती वायर बघितली आणि माझ्याच्यानं राहवलं नाही. फोन त्याच्या हातातून ओढून घेतला. तो चिडला. म्हणाला, "चाचा, करनेका है के नहीं?"

मी म्हणालो, "बायको हाय त्यात. गेली ती. तिचा आवाज हाय."

तो म्हणाला, "पहले बोलना था ना." त्यानं वायर बाजूला ठेवली आणि फळीखालून पत्र्याचा डबा काढला. लोक टाकून गेलेली जुनी कार्डं होती त्यात. म्हणाला, नंबर जिवंत असायची गरज नाही, कार्ड त्या कंपनीचं असलं की झालं. तो एकेक कार्ड उजेडात धरून बघायचा. मी स्टुलावर बसून होतो. दोन कार्डं सापडली. पहिलं फोननं घेतलं नाही. दुसरं घेतलं.

त्यानं तिथंच आवाज लावला, तोही मोठ्यानं. "कांदं बारकं आणू नका. मागल्या टायमाला सोलता सोलता माजा जीव गेला."

गिऱ्हाईकं उभी होती ती हसली. मीही हसलो, सवयीनं. मग फोन बंद करून खिशात टाकला आणि चालत घरी आलो.

घरी सगळं ऐकलं, पहिल्यापासून. मला वाटत होतं, कुठंतरी माझ्यासाठी एखादा शब्द असेल. नव्हता. तेल, मीठ, शेंगदाणे, ज्वारी जुनी बघून घ्या, भाजीवाली फसवती, वजन बघा. सगळा बाजारच.

शेवटचं मात्र मी कधी ऐकलेलं नव्हतं. ज्या दिवशी तिला दवाखान्यात नेलं त्या सकाळचं असणार ते. त्यानंतर मी बाजाराला गेलोच नाही. त्यात आधी लसूण होता, काड्याची पेटी होती. मग ती थांबली होती, नुसता श्वास ऐकू येत होता. मग म्हणाली, "आन पेरू मिळालं तर घ्या की. कवळं बघून. लई दिस झालं खाऊन."

पुढच्या मंगळवारी गेलो. लसूण घेतला, काड्याची पेटी घेतली. कोवळे पेरू शोधले, पाव किलो घेतले. मला दात नाहीत. दोन दिवस पेरू टोपलीत ठेवले, घरभर वास सुटला. तिसऱ्या दिवशी शेजारच्या शेळीला घातले.